तीन दहा

ऑकलंड ते सान्तियागो:
साडेनऊ हजार किलोमीटरांहून जास्त,
अकरा तास, खाली नुसतं पाणी.
बाबा ट्रक चालवायचे, पार आन्तोफागास्तापर्यंत.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाले,
"एवढ्या वाटेत एम्पानादा विकणारी
एकही बाई नाही?"

उलिसेसचा फोन आला मंगळवारी
दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी.
मी किवींच्या पेट्या मोजत होते.
आधी तो काही बोललाच नाही,
मग नळ फुटावा तसा रडला.
हातमोजे काढायच्या आधी
मी तिकीट काढलं.

विमान सुटलं सहा वीसला.
मधे कुठेतरी ती रेघ ओलांडली
जी नकाशावर असते, पाण्यावर नसते.
शेजारच्या म्हाताऱ्याने मनगटावरचे काटे
मागे, मागे, अजून मागे नेले
आणि डोळे मिटले.

उतरले, तर इथेही मंगळवारच.
दुपारचा एक वीस.
म्हणजे फोन यायला अजून
एक तास पन्नास मिनिटं.

हिशेब खोटा आहे, कळतं मला.
भूगोलात काही नापास नव्हते मी.
तरी सामानाच्या पट्ट्याजवळ बसून आहे.
नुसते स्वेटर कोंबलेली माझी बॅग
तीनदा समोरून गेली.
काचेपलीकडे उलिसेस उभा असणार,
बाबांचा कोट घालून,
बाह्या हाताच्या खाली आलेल्या.

जरा बसू दे.
पट्ट्यावरच्या पेट्या मोजू दे.
तीन दहाला उठते.