साइन-कोसाइन वगळून

त्या हिवाळ्यात कुताइसीत वीज यायची रात्री अकराला
आणि जायची दोनच्या आसपास.
‘आसपास’ हा शब्द वीजमंडळाचा नव्हे, आमचा.
नदीमापन कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर
एक थ्री-एट-सिक्स,
पंख्याचा आवाज सर्दी झाल्यासारखा,
आणि समोर गुरांदा,
हातमोज्यांची बोटं कात्रीनं उडवून बसलेली.

सोर्स कोड आला तिबिलिसीहून, अकरा फ्लॉप्यांवर,
एलगुजाच्या बसमधून, अक्रोडांच्या पिशवीत.
सातवी फ्लॉपी वाचता येईना.
तिनं ती काढली, फुंकली, काखेत धरली
ताप बघताना धरतात तशी,
परत घातली.
एक सेक्टर सोडून सगळं आलं.
गेलेल्या सेक्टरातल्या सतरा ओळी
तिनं शिसपेन्सिलीनं अंदाजानं लिहिल्या.
अंदाज म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं:
आधीची ओळ आणि नंतरची ओळ
यांच्यामध्ये मावेल एवढंच बोलायचं.

फाइलींची नावं लांबलचक.
डॉसला आठच अक्षरं चालायची.
आम्ही शेपट्या छाटत गेलो,
तर दोन निराळ्या फाइली निघाल्या एकाच नावाच्या
आणि एकीनं दुसरीला गिळलं.
त्या रात्री गुरांदा एक शब्द बोलली नाही.
मी उगाच अक्रोड फोडत बसलो.

तिचे वडील वारलाम कंदील घेऊन तिला न्यायला यायचे.
‘काय बनवतेस एवढं?’
‘दुभाष्या.’
‘तो मी होतो की. ट्रकच्या कारखान्यात, तीस वर्षं.’
‘हा एकेक ओळ वाचतो, लगेच तसं करतो.
पुढच्या ओळीत काय आहे, त्याला ठाऊक नसतं.’
‘मला तरी कुठं असायचं?
मॉस्कोचा साहेब वाक्याच्या मधेच शिंकायचा,
आणि तीनशे माणसं
माझ्या तोंडाकडे बघत उभी.’

पाचव्या रात्री तो मावेना.
मेमरी अपुरी, मेमरी अपुरी.
मग तिनं कापायला सुरुवात केली.
आधी मदतीचा मजकूर गेला.
मग चुकांचे खुलासे गेले;
म्हणजे यापुढे तो नुसतं ‘चूक’ म्हणणार,
कुठली, का, कोणाची, काही नाही.
मग साइन, मग कोसाइन.
‘रिओनी नदीला काय करायचाय कोसाइन?
पाणी चढतं नाहीतर उतरतं.’
वर्गमूळ मात्र ठेवलं. प्रवाह मोजायला ते लागतं.

तीन तासांत आटपणारं काम नव्हतं ते.
एलगुजानं बस खिडकीखाली लावली,
कुठल्याशा जहाजावरून उतरवलेला इन्व्हर्टर जोडला,
वायर वर फेकली, इंजिन चालू ठेवलं.
समोरच्या इमारतीतून शिव्या आल्या, रीतसर, मजल्यामजल्यानं.
दोनच्या आसपास गाव विझलं
आणि आमचा एक पडदा तेवढा उजळ राहिला.
मग शिव्या थांबल्या.
कुणीतरी अंधारातून विचारलं, ‘झालं का?’
गुरांदा ओरडली, ‘अजून नऊ फाइली!’
त्यानंतर दर थोड्या वेळानं
कुठल्या ना कुठल्या खिडकीतून आकडा विचारला जाई.

पावणेचारला पडद्यावर एक बाण आला.
एवढासा. लुकलुकणारा.
वारलामांनी चष्मा लावला.
‘काय म्हणतोय?’
‘काही नाही. तुम्ही बोला म्हणतोय.’
त्यांनी एका बोटानं, अक्षरं शोधत,
स्वतःचं नाव लिहिलं.
एंटर गुरांदानं दाबला.

चूक.

म्हातारा बराच वेळ बघत राहिला.
‘तीस वर्षं,’ म्हणाले,
‘इतकं स्पष्ट मला एकदाही बोलता आलं नाही.’
खाली एलगुजानं हॉर्न दाबला.
सहाची गाडी होती त्याची,
आणि डिझेल काट्याच्या तळाशी.