बादली

घर पाहावं बांधून, म्हणतात.
आम्ही पाहिलं विकत घेऊन,
अजमानला, चौदाव्या मजल्यावर.
स्वयंपाकघरातून खाडीचा एक तुकडा दिसतो,
तेवढ्यावर वैजू हो म्हणाली.

किल्ल्या अबू नाएलनं दिल्या. गणिताचा मास्तर,
चोवीस वर्षं इथे, आता परत इर्बिदला.
वेलचीची कॉफी पाजली.
दाराची कडी जराशी उचलून ओढायची,
शेगडीचं बटण दोनदा दाबायचं,
सगळं दाखवलं, शिकवल्यासारखं.
फक्त बाथरूमसमोरून जाताना
तो किंचित वाकला.
उंच होता. मला वाटलं, सवय.

मग ऑगस्ट आला.
इथे पाऊस नसतो, ओल असते:
काचा बाहेरून घामेजतात,
लिफ्टमधून खाली उतरलं की चष्मा आंधळा.
आणि रात्री, एसीच्या घरघरीत,
टप्प.
माझ्या अकरा श्वासांनंतर परत
टप्प.

वैजू म्हणाली, नळ.
मी म्हणालो, वरच्यांचा नळ.
नातूर म्हणाला, सब बिल्डिंग में होता है साब,
आणि कबुतरांना पाव टाकत राहिला.
कपाट सरकवलं तर मागे रंगाला पोपडे,
बोट लावलं तर भिंत
चहात बुडवलेल्या टोस्टसारखी.

शनिवारी स्टुलावर चढून छताची एक फळी काढली.
मोबाइलच्या उजेडात
बादली.
पांढरी, रंगाची, वीस लिटरची,
काठोकाठ.
शेजारी एक मग, घडी घातलेला टॉवेल,
आणि फळीच्या उलट्या बाजूला
पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा.
अरबी आकडे येतात मला,
गाड्यांच्या पाट्यांवरून शिकलोय.
दर नऊ दिवसांनी. उन्हाळ्यात दर पाच.
सात वर्षं.
एका जागी बावीस दिवसांची फट;
सुट्टीवर गेला असेल,
किंवा घरातलं कुणी गेलं असेल.

फसवलं, वैजू म्हणाली.
फोन लावला तर नंबर अस्तित्वात नाही.
करारात सातवं कलम: जसे आहे तसे.
खाली माझी सही, माझ्या सगळ्या सह्यांत देखणी.
मी शारजाच्या संगमरवराच्या वखारीत
दुसऱ्यांचे हिशेब तपासतो.
एक फरशी दोनदा मोजली गेली तर ओळखतो.

ऑफिसवाले म्हणाले, पाइप तुमचा.
एसीवाला म्हणाला, पाइप बिल्डिंगचा.
बँक काही म्हणाली नाही,
एक तारखेला हप्ता तेवढा कापला.
अठरा वर्षांतले चार महिने झाले.

झाकली मूठ सव्वा लाखाची.
झाकलं छत, साडेतीन लाख दिरहमचं.

मी बादली उतरवली.
अर्धी माझ्याच अंगावर, अर्धी मोरीत.
गार, स्वच्छ पाणी, कशाचाही वास नसलेलं.
पुसली, परत ठेवली.
लिहायचं नाही असं ठरवलं होतं.
मग इराच्या कंपासमधली पेन्सिल आणली,
आणि त्याच्या शेवटच्या तारखेखाली
माझी पहिली लिहिली, देवनागरीत.
हात त्याच्याइतका सरळ नाही.

डिसेंबरात ऑफिसातला देवरुखकर आला, बायकोसह.
घर बघत फिरले दोघं,
खाडीचा तुकडा बघून हं म्हणाले.
तुम्हाला काय, स्वतःचं झालं, तो म्हणाला.
दलाल सांगत होता, याच बिल्डिंगमध्ये घ्या म्हणून,
कसं काय आहे हो, तुम्ही राहताय ते सांगा.

मी त्यांना कडी दाखवली, कशी उचलायची.
शेगडीचं बटण दाखवलं.
मग बाथरूमसमोरून पुढे होताना
वाकलो.
पाच फूट चार इंच मी.

वैजूनं पाहिलं.
कपबश्या ठेवता ठेवता थांबली,
आणि माझ्या उत्तराची वाट बघत
तशीच उभी राहिली.