चिकटपट्टी

तुझ्या उजव्या खांद्यामागे, फऱ्याच्या हाडाखाली
दुहेरी चिकटपट्टीचा एक तुकडा राहून गेला होता.
बोटभर. कडेला मळलेला.
पॅरिसहून तू शेवटच्या गाडीनं आलीस,
बूट दारातच भिरकावलेस,
एक साइझ मोठे, टोकाशी कापसाचा बोळा,
आणि म्हणालीस, पाठ चोळ ना जरा.

मारिट, हा धंदा मीही तेरा वर्षं केलाय.
शो संपल्यावर पट्ट्या कोण काढतं, ठाऊक आहे मला.
घाईतली एखादी पोरगी. तिला कपडा वाचवायचा असतो, कातडी नव्हे.
सर्रकन ओढते. ओरखडा उठतो, दोन दिवस राहतो.

तुझ्या पाठीवर ओरखडा नव्हता.
बाकीच्या पट्ट्या कुणीतरी सावकाश सोलल्या होत्या,
कोमट पाणी लावून, एकेक करत,
आणि ही एवढी विसरली होती.
किंवा विसरली नव्हती.

मी काही विचारलं नाही.
पट्टी काढली, ती माझ्याच बोटाला चिकटली,
झटकली तरी जाईना.
तशीच नळाखाली हात धरून उभी राहिले.
मागून तू म्हणालीस, "सेंता."
नुसतं नाव. पुढे क्रियापदसुद्धा नाही.

गेंटची सेंता. असून नसल्यासारख्या भुवयांची.
आपल्या टेबलावर तीनदा जेवून गेलेली.
तिसऱ्यांदा मी तिला उरलेले शिंपले
डब्यात भरून दिले होते, सेलरीच्या पाण्यासकट.
झाकण सापडेना, म्हणून वरून चांदीचा कागद.
त्या रात्री, खोटं कशाला सांगू,
मला आधी तो डबा आठवला.

दुसऱ्या दिवशी ओडिलच्या कारखान्यात
मी सहा तास पुतळ्यासारखी उभी.
आता मी रॅम्पवर नसते, मी माप असते.
माझ्या अंगावर बेतून
अडतीस नंबरचे स्कर्ट निघतात.
ओडिलनं टेप गुंडाळली, चष्मा वर केला,
पुन्हा गुंडाळली.
पंधरवड्यात कंबर तीन सेंटिमीटर उतरली होती.
"जेव," ती म्हणाली, तोंडात टाचण्या तशाच,
"तुझ्या दुःखाच्या मापानं
अख्ख्या बेल्जियमच्या बायकांचे स्कर्ट बेतायचे नाहीत मला."

मग मी जेवले. तू रांधलंस, मी जेवले.
बोलले मात्र नाही.
तू सोफ्यावर निजायचीस, पाय बाहेर लोंबत.
एवढ्या उंच बाईसाठी कुणी सोफा करत नाही.

एक गोष्ट आता सांगते, तेव्हा सांगितली नाही.
महिनाभर मी तुला माफ केलं नाही
कारण माफ न केलेली तू
रोज सहाच्या ट्रामनं घरी यायचीस.
लवकर, हातात पाव घेऊन, भीत भीत.
मला ते आवडायला लागलं होतं.
क्षमा गाठीला बांधून मी सावकारासारखी बसले होते
आणि व्याज गोड लागत होतं.

ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी स्वतःचीच शिसारी आली.
तुझ्याएवढी नाही. पण आली.

पुढच्या शोआधी तू आरशापुढे उघड्या पाठीनं उभी,
हातात पट्टीचं रीळ.
तो कपडा घालून बघायचा होता, आणि तिथं
स्वतःचा हात स्वतःला पोचत नाही.
मी पट्टी लावली. त्याच जागी.
कपडा नीट बसला, तू वळून बघितलंस, ठीक आहे म्हणालीस.
मग विचारलंस, "सावकाश काढशील?"
मी म्हटलं, "नाही."

सर्रकन.
तू केवढ्यानं ओरडलीस! खालच्या मजल्यावरच्या
म्हाताऱ्यानं काठीनं छत ठोकलं.
लाल रेघ उठली, बोटभर,
आणि तिच्यावर तळवा ठेवून
मी बराच वेळ उभी राहिले.

डबा अजून सेंताकडेच आहे.
काल फडताळ आवरताना झाकण सापडलं.
टाकून देऊ का, तू विचारलंस, माझ्याकडे न बघता.
राहू दे, मी म्हटलं.
आपल्या त्या निळ्या भांड्याला
जरा तिरकं होतं, पण बसतं.