सूं

राजारामपुरीत मुजावरच्या काउंटरवर
काडेपेटीहून जरा मोठी, काळी डबी.
बेचाळीसशे.
आधीची साडेतीनशेची होती, चार वर्षं चालली.
"काका, तिच्यातली चिप म्हंजे टाकायची म्हणून टाकलेली.
ही लावा घरात. फरक पडला न्हाई तर परत आणा की."

घरी अँप्लिफायर आहे, चौगुल्यानं जुळवलेला,
एक्क्याण्णव सालचा, पितळी नॉबचा.
थंडीत त्याच्यावर मांजर झोपतं.
स्पीकरच्या पेट्या आमच्याच पॅटर्नशॉपमधल्या
उरल्यासुरल्या सागवानाच्या;
एकीच्या पाठीवर अजून पेन्सिलीचं अक्षर:
पंप केसिंग, दोन नग.

मुक्तानं लाल पिन लालमध्ये खोचली, पांढरी पांढऱ्यात,
फोनवर बोट फिरवलं.
डबीचा निळा दिवा दोनदा लुकलुकून ठरला
आणि तानपुरा सुरू झाला.

मी मान डोलावली.
बेचाळीसशे मोजलेला माणूस डोलावतो तशी.

खरं सांगू?
मला काडीचा फरक कळला नाही.
उद्यमनगरात सत्तावीस वर्षं फेटलिंगला होतो,
कास्टिंगवर ग्राइंडर दाबून धरत. कानात कापसाचा बोळा,
तोही साहेब राउंडला आले तरच.
कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ दाखवली होती:
डावीकडून बरी सरळ येते,
मग जोतिबाच्या डोंगरावर ब्रेक निकामी व्हावा
तशी सुटते खाली.

मुक्ता म्हणाली, "गेलं बघा."
"काय?"
"ते सूं. गाण्यामागं सारखं असायचं ते."
कसलं सूं?

भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन
मालन दारापर्यंत आली.
थांबली. कान दिला.
"म्हंजे नळ नव्हता व्हय तो?"

चार वर्षं.
चार वर्षं मी इथं डोळे मिटून बागेश्रीत,
आणि ही मोरीत जाऊन नळ आवळतेय,
वाकून गॅसचं बटण बघतेय.
दोनदा तिनं प्लंबर बोलावला,
वॉशर बदलून घेतले.
त्यानं पैसेही घेतले बिचाऱ्यानं,
काही बिघडलेलं नसताना.

"मला का नाही सांगितलंस?"
"गाणं ऐकत बसलेला. उठवायचं कशाला?"

मुक्तानं गाणं थांबवलं.
मी नॉब शेवटपर्यंत उजवीकडे फिरवला, चौगुल्याची शपथ घालून,
आणि तिघं बसलो पेट्यांसमोर,
काहीच वाजत नाही ते ऐकत.
त्या दोघींना काय ऐकू आलं, विचारलं नाही.
मला तिथंही ग्राइंडरच.
बारीक, लांब, दुसऱ्या शिफ्टचा.

रात्री भांडी आवरून
मालन सवयीनं मोरीत गेलीच.
नळ आवळल्याची चावीची करकर:
ती येते मला ऐकू.