लिहायले

सहामाहीपर्यंत माझं अक्षर आफरीनचं होतं.
ती नववीत. लेखनिक एक इयत्ता खालचाच लागतो,
म्हणजे त्याला माझ्यापेक्षा कमी येतं याची बोर्डाला खात्री.
मी सांगायची, ती लिहायची,
आणि मला राग आला की
तिचा पेन कागदात जास्त रुतायचा.

आता डोईफोडे सरांनी टॅब आणलाय उदगीरहून.
चिकटपट्टीनं बाकाला घट्ट बांधलाय,
कारण माझा हात मधेच उठतो
आणि समोर असेल ते लोटून देतो,
माझी-त्याची ओळखच नसल्यासारखा.

"बोल," सर म्हणाले, "बोलशील ते उमटतं."
मी नाव सांगितलं. सत्यशीला.
पडद्यावर आलं : सत्य शिळा.
सर हसले, मग मीही.
माझं हसणं त्यानं लिहिलं : हापूस.
भर पौषात.

माझी जीभ जड.
शब्दाला तोंडात वळायला
उसाच्या ट्रॉलीएवढी जागा लागते.
त्याला मात्र घाई.
'श्रमाचे महत्त्व' म्हणेस्तोवर
त्यानं 'शरमेचे महत्त्व' टाकून दिलं,
त्यातला महत्त्व अगदी बिनचूक, दोन्ही त सकट,
जो आफरीनला कधी जमला नाही.

तिसऱ्यांदा सांगितलं. चौथ्यांदा.
तेवढ्यात खिचडीच्या खोलीतून द्रौपदामावशी ओरडल्या,
"जिरं संपलंय की गं!"
ते पहिल्या फटक्यात उमटलं.
निबंधाच्या मधोमध : जिरं संपलंय की गं.
सर पुसायला वाकले.
राहू द्या, म्हटलं. श्रमावरच आहे.

मग मी म्हणाले : मी लिहायले.
त्यानं टाकलं : मी लिहिले.
नाही. लिहायले. अजून चालू आहे.
मी लिहिले.
लि. हाय. ले.
मी लिहिले मी लिहिले मी लिहिले
म्हणजे झालं, संपलं,
पेपर दे आणि ऊठ.

आफरीन दारात, सवयीनं पेन घेऊन.
तिचं बोट पुढं आलं. एक काना, एक य,
तिला काय, दोन सेकंद.
मी मान हलवली.
हाताला म्हटलं, चल, आता लोट.

तो उठला. खिडकीकडं गेला, परत आला,
एकदा सरांच्या चष्म्याला लागला.
घंटा झाली तेव्हा पडद्यावर होतं :
मी लिहायढले.

मधला ढ माझ्या ओळखीचा.
पहिलीपासूनचा.

"खोडू का?" सर म्हणाले.
आफरीन म्हणाली,
"थांबा की सर. ती लिहायली."