कात्रण

खडकीच्या डेपोत बाबा गठ्ठे बांधत:
लंडनचे, सिडनीचे, तीन महिने शिळे पेपर,
हरलेल्यांनी वाचावेत म्हणून.
सुतळी, लाख, शिक्का: कुरे, जपान.
त्याआधी कॅप्टनची यादी, आणि कात्री.
कापलेले चौकोन शेगडीत.

एक त्यांनी टोपीत घालून घरी आणला.
इंग्रजी येत नव्हतं. चित्र होतं:
सपाट गाव, मधोमध नळ,
बहुतेक चालू.

रजेवर आलेला हवालदार शिळीमकर सांगायचा,
वाचून झालं की ते लोक पेपर
खिडक्यांना चिकटवतात. काचा कुठायत?

तो चौकोन अजून आमच्या पिठाच्या डब्याखाली.
दिवाळीला आई डबा उचलते,
कागद झटकते, तसाच ठेवते.

तिकडे तेवढ्याच भोकातून
वारा येत असेल.