कार्य शून्य

सकाळी फळ्यावर मीच लिहिलं होतं:
वस्तू हलली नाही, तर कार्य शून्य.
संध्याकाळी आमडीच्या पांदणीत
काळ्या मातीनं मागचं चाक गिळलं
आणि रेटायला आली नेमकी
आठवीचीच पोट्टी.

दम लागला. चपला रुतल्या.
गाडी जागची हलेना.
"सर," गजू मडावी म्हणाला,
"आपलं कार्य शून्य."
सगळे खिदळले.
सुगंधा टेकाम तेवढी कपाळ पुसत:
"मंग हा घाम कोन्या खात्यात मांडाचा?"

उत्तर येत होतं मला.
स्नायू, उष्णता, वगैरे.
तोवर ती धुऱ्यावरून
गेल्या सालच्या पऱ्हाट्या ओढत आली,
चाकाखाली सारल्या.

कडकड मोडल्या काड्या.
गाडी सरकली
वीतभर.

"लिहून घ्या," मी ओरडलो.
चिखलाचे दहा हात वर झाले:
"कशावर, सर?"